दोन रेघा आणि एक वर्तुळ

"इथे आकडे जास्त आहेत," डॉक्टर तौफीक म्हणाले. पुढच्या उजव्या चाकापाशी गुडघे टेकून त्यांनी मडगार्डखाली डोकं घातलं होतं. हातात पेशंटचे दात बघायची छोटी बॅटरी होती.

"जास्त आहेत तर बरंच की," फर्राज म्हणाला. "कमी असते तर तुम्ही भाव पाडला असता."

फर्राज माझा चुलतभाऊ. अल-जफ्रच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. डॉक्टर अम्मानचे. तिथे त्यांचा दातांचा दवाखाना आहे आणि जुन्या गाड्या जमवायचा नाद. आमच्या वतफाकाकूची लँड रोव्हर विकत घ्यायला ते आले होते.

"हे बघ," त्यांनी मला खाली वाकायला लावलं. "कारखाना चासीवर आठ आकडे ठोकतो आणि शेवटी एक अक्षर. ते आहेत. पण त्यापुढे हे आणखी तीन कुठून आले?"

दोन उभ्या रेघा आणि एक वर्तुळ. आमच्या अरबी आकड्यांत उभी रेघ म्हणजे एक आणि वर्तुळ म्हणजे पाच, तसं वाचलं तर एकशे पंधरा. गाडीची नोंदणी करताना कारकुनानेही तसंच वाचून उतरवलं होतं.

"कुणीतरी नंबरात फेरफार केलाय. उद्या गाडी चोरीची निघाली तर?"

दारात कॉफी ओतणाऱ्या काकूचा हात थांबला. "माझा नवरा मेला म्हणून काय तो चोर झाला?"

"तसं नाही, हज्जा..."

"हजला मी अजून गेलेली नाही. वतफा म्हण. आणि कॉफी पी, गार होतेय."

डॉक्टरांनी कॉफी प्यायली. जाताना मात्र सांगून गेले, पुढच्या शुक्रवारी येतो, तोवर या तीन आकड्यांचा उलगडा झाला तर गाडी घेतो, नाहीतर राहू दे.

काकूचा जीव टांगणीला लागला. शेजारच्या सुवैलिमकडे उंटाचं एक पांढरं पिल्लू होतं, मादी. गाडी विकून तिला ते घ्यायचं होतं. रोज संध्याकाळी ओंजळभर जव घेऊन ती त्याला बघायला जायची. सुवैलिम म्हणायचा, "वतफा, मला विचारत नाहीस, त्याचीच विचारपूस करतेस." ती म्हणायची, "तुझ्यात बघण्यासारखं काय आहे?"

लग्न होऊन आली तेव्हा काकूबरोबर माहेरच्या चार उंटिणी होत्या. पुढे मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, मेंढ्या पटापट मरू लागल्या. दैफल्लाकाकांनी त्या चारही उंटिणी मआनच्या बाजारात नेऊन विकल्या आणि ही जुनी लँड रोव्हर घेऊन आले. तिच्यावर टाकी बांधून लांबून पाणी आणायला लागले. उरलेल्या मेंढ्या जगल्या, माणसंही जगली. पण काकूने गाडीला नाव ठेवलं ते सवत. "सवतीला पाणी पाजलंस का?" असं ती काकांना रोज विचारायची, आणि काका हसून रेडिएटरचं झाकण उघडायचे. काकूचे वडील गेले, तिला भाऊ नव्हते, त्यांचे कळप विकले गेले. त्या चार उंटिणी म्हणजे तिचं उरलेलं माहेर होतं.

मी भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी आले होते. खडकावरच्या खुणा बघायची सवय होतीच. मी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन बसले. रंगाचे थर निघाले, वरचा हिरवा, मग पिवळट, मग राखाडी. धातू उघडा पडल्यावर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली.

कारखान्याचे आकडे एका उंचीचे, एका खोलीचे होते. पुढच्या तीन खुणा मोठ्या आणि वेड्यावाकड्या. वर्तुळ तर वर्तुळही नव्हतं, छिन्नीचे छोटे घाव गोलाकार घातले होते.

"नंबर बदलणारा चोर इतकं वाईट काम करेल?" मी फर्राजला विचारलं.

"चोर असता तर आधीच्या आकड्यांशी जुळवून घेतलं असतं त्याने. हे कुणीतरी घरी बसून केलंय. आणि हात गाड्यांचा नाही."

"मग कसला?"

"मला काय विचारतेस? शिकलीस तू."

आम्ही दोघंही हसलो. मी कागद घेऊन काकूकडे गेले. ती कणीक मळत होती. तिला वाचता येत नाही. म्हटलं, काकांनी कधी गाडीवर काही ठोकलेलं आठवतं का, एवढं तरी विचारावं.

काकूने कागदाकडे पाहिलं आणि पिठाचे हात तसेच हवेत धरून ठेवले.

"हे कुठून आणलंस?"

"गाडीवरून."

"थट्टा करू नकोस, पोरी."

"खरंच. चासीवरून छाप घेतलाय."

"हा माझ्या बापाचा डाग आहे," ती म्हणाली. "आमच्या उंटिणींच्या मांडीवर तापल्या सळईने दिलेला असायचा."

आमच्या घराचा डाग मला माहीत होता, एक आडवी रेघ आणि खाली तीन ठिपके. काकूच्या माहेरचा मी कधी पाहिलेलाच नव्हता. तो अंगावर असलेलं एकही जनावर उरलं नव्हतं.

ती उठून गाडीपाशी गेली. मडगार्डखाली हात घालून तिने बोटांनी चाचपलं, बराच वेळ. पीठ त्या खाचांमध्ये भरलं आणि खुणा पांढऱ्या दिसायला लागल्या.

"ज्याचा डाग त्याची उंटीण," ती म्हणाली. "हे लहान पोरालाही कळतं. मग मला सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का त्याचं? मी सवत सवत म्हणत राहिले आणि हा नुसता हसत राहिला."

शुक्रवारी डॉक्टर आले. काकूने माहेरचं जुनं खोगीर बाहेर काढून ठेवलं होतं. त्याच्या लाकडावर कोरलेल्या दोन रेघा आणि वर्तुळ तिने दाखवलं, मी छाप शेजारी ठेवला. डॉक्टरांनी दोन्हींवर बॅटरी धरून पाहिलं. मग बॅटरी विझवून खिशात ठेवली.

"म्हणजे गाडी तुमच्या नावाची होती," ते म्हणाले. "तरी विकायची?"

फर्राज माझ्याकडे बघत होता. आम्हा दोघांनाही वाटत होतं, ती आता नाही म्हणेल.

"माझी आहे म्हणून तर विकते," काकू म्हणाली. "त्याची असती तर कशी विकली असती?"

गाडी ट्रकवर चढेपर्यंत ती उभी होती. नंतर घरात गेली.

पांढरं पिल्लू आठवड्याने आलं. फर्राजने शेणाच्या निखाऱ्यात सळई लाल केली. मी आणि सुवैलिमने पिल्लाचे पाय बांधून धरले, मान काकूने कवेत घेतली.

"दोन रेघा आणि वर्तुळ ना, काकू?"

"नाही. त्याचा काढ."

"काकांचा? अगं, तुला माहेरचं जनावर हवं होतं ना?"

"सळई गार होतेय, फर्राज."

फर्राजने मांडीवर आडवी रेघ ओढली. पिल्लू ओरडलं, जळक्या केसांचा धूर काकूच्या तोंडावर आला, पण तिने मान सोडली नाही. पहिला ठिपका झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या वेळी तिने एक हात मोकळा केला, फर्राजचं मनगट धरलं आणि सळई थोडी डावीकडे सरकवली.

"इथे," ती म्हणाली. "त्याचा तिसरा नेहमी जरा बाजूला जायचा."