खटखट

"थांबा! अहो, थांबा!"

मिस्त्री थांबले नाहीत. शेडच्या लोखंडी तुळईला साखळीची पुली बांधली होती, पुलीला गाडीचं इंजिन लटकलं होतं आणि मिस्त्री दोन्ही हातांनी साखळी ओढत होते. इंजिन वीतभर आणखी वर आलं. मागच्या बाजूला सोडवायची राहून गेलेली एक रबरी नळी ताणली गेली आणि फटकन तुटली. तिच्यातलं उरलंसुरलं पाणी मिस्त्रींच्या चपलांवर सांडलं.

"सांगता येत नाही का?" ते बायकोवर खेकसले.

"तीनदा सांगितलं."

"मग जरा तोंड उघडून सांगावं. हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात."

हल्ली म्हणजे गेली तीन-चार वर्षं. तेवढ्या काळात, मिस्त्रींच्या मते, शेजारी पुटपुटायला लागले होते, टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांचे घसे बसले होते आणि बाजारात चांगला फोन मिळेनासा झाला होता. साऱ्या जगानेच हळू बोलायचं ठरवलं, त्याला मिस्त्री काय करणार? ते कुणाला "काय म्हणालात?" असं मात्र कधी विचारत नसत. समोरच्याचा चेहरा बघायचा, अंदाज बांधायचा आणि ठोकून द्यायचं. दहातली आठ उत्तरं बरोबर यायची. उरलेल्या दोनांवर लोक हसायचे, म्हणजे म्हातारा गमत्या आहे असं समजायचे.

बायकोने वाद घातला नाही. तुटक्या नळीचं माप घेतलं आणि नवीन आणायच्या वस्तूंच्या यादीत ती लिहून टाकली.

हे तेच मिस्त्री, ज्यांना बस डेपोत तीस वर्षं 'कानमिस्त्री' म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तिसऱ्याचाच. साहेब लोकसुद्धा स्वतःच्या गाड्या घेऊन यायचे आणि आपण काही बोलायचं नसतं म्हणून हाताची घडी घालून उभे राहायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी ही मिनीव्हॅन घेतली आणि शाळेची मुलं न्यायला सुरुवात केली. बारा मुलं. चालवायला मिस्त्री, शेजारच्या सीटवर बायको. मुलांना वर ओढून घेणं, डोकी मोजणं, सरकतं दार लावणं ही तिची कामं. गुरुवारी भरल्या गाडीनिशी पुलाच्या चढावर इंजिन धापकन बसलं. मुलं दुसऱ्या गाडीने गेली, व्हॅन दोराने ओढत घरी आली. "म्हातारं झालं होतं, गेलं," मिस्त्री म्हणाले. भंगारवाल्याकडून त्यांनी अपघातातल्या एका गाडीचं धड इंजिन आणलं. काम घरीच करायचं, यात प्रश्नच नव्हता. कानमिस्त्रीची गाडी दुसऱ्याने खोलायची म्हणजे नाक कापून हातात देण्यासारखं. सोमवारी सकाळी साडेसहाला मुलं कोपऱ्याकोपऱ्यावर उभी राहणार होती आणि आज शनिवार होता.

काम मात्र शिस्तीत चाललं होतं. निघणाऱ्या प्रत्येक वायरीला बायको पांढरी पट्टी चिकटवून नंबर घालत होती. नटबोल्ट रिकाम्या बरण्यांत पडत होते आणि बरण्यांवर तिच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या: 'पुढचे वरचे', 'मागचे लांब', 'शिव्या देऊन निघालेला एक'.

दुपारी जुनं इंजिन फळीवर आडवं झालं. त्याच्याशी आता काही काम नव्हतं, पण रोग काय होता हे कळल्याशिवाय मिस्त्रींना जेवण गेलं नसतं. त्यांनी खालचं तेलाचं भांडं सोडवलं. तळाच्या गाळात तांब्याच्या रंगाची चकचकीत भुकटी होती. त्यांनी आणखी खोललं आणि आतून बेअरिंगची वाटी काढून उजेडात धरली. झिजून ती कागदासारखी झाली होती.

मिस्त्री स्टुलावर बसले.

अशी वाटी एका दिवसात झिजत नाही. ती महिनाभर आधी सांगत असते. खटखट, खटखट, दारावर कुणी यावं तशी. डेपोतला झाडूवालासुद्धा तो आवाज ओळखायचा.

"अगं," ते म्हणाले, "गाडीत आवाज येत होता का?"

बायको हात पुसायची थांबली. मग त्यांच्यासमोर येऊन, नीट त्यांच्या तोंडाकडे बघत, मोठ्याने म्हणाली, "दीड महिना येत होता."

"दीड महिना! आणि तू गप्प?"

"सांगितलं होतं की. म्हटलं, फार आवाज करतेय. तुम्ही म्हणालात, करू देत, लहान आहेत."

मिस्त्रींना हसू आलं असतं, पण आलं नाही.

"पुन्हा सांगायचं."

"मी? इंजिनातलं तुम्हाला? मला वाटलं, तुम्ही ऐकताय म्हणजे चिंता नाही. पोरं तर त्या आवाजावर टाळ्या धरायची. गाडी पळाली की टाळ्याही पळायच्या."

टाळ्या त्यांनी पाहिल्या होत्या. रोज आरशात बारा जोड्या हात वरखाली व्हायचे. शाळेत काहीतरी नवं शिकवलं असेल, म्हणून तेही आरशात बघून मान डोलवायचे.

मिस्त्रींना लाज वाटली. लाजेच्या मागून भीती आली, आणि ती मोठी होती. पूल, चढ, मागून येणारे ट्रक, आणि मागे बारा मुलं.

"आज मी तीनदा थांबा म्हटलं," बायको म्हणाली. "आज नळी तुटली. उद्या दारात कुणाचा हात असेल, आणि मी थांबा म्हणेन."

 हे शब्द मिस्त्रींना सगळेच्या सगळे ऐकू आले होते.

रविवारी नवीन इंजिन बसलं. बरण्या एकेक करून रिकाम्या झाल्या, शिव्यांचा बोल्ट शिव्या देऊनच परत गेला. उन्हं कलताना मिस्त्रींनी चावी फिरवली. बॉनेट थरथरलं. सवयीने त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. हाताला इंजिनाचा कंप लागत होता. कानात काही नव्हतं. त्यांनी दुसरा कान लावला. मग डोळे उघडून स्क्रूड्रायव्हर बायकोपुढे धरला.

"तू ऐक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"खटखट आहे का, एवढं सांग."

तिने पदराने मूठ पुसली, वाकून कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली. "नाही," ती म्हणाली. "माझं शिवणाचं मशीन चालतं, तसं चाललंय."

"मशीन कसं चालवतेस?"

"का? सरळ."

"मग गाडीही तशीच चालव," मिस्त्री म्हणाले आणि चावी तिच्या हातावर ठेवली. तिचं लायसन्स अकरा वर्षांपूर्वीचं होतं. त्यांनीच तिला शिकवलं होतं आणि बाजारापलीकडे कधी जाऊ दिलं नव्हतं.

सोमवारी साडेसहाला व्हॅन पहिल्या कोपऱ्यावर उभी राहिली. शेजारच्या सीटवरून मिस्त्री उतरले, सरकतं दार उघडलं, मुलांना वर घेतलं. डोकी मोजताना एकदा चुकले, पुन्हा मोजली. बाराही जण भरल्यावर दार लावलं, ते लागलं की नाही हे हाताने ओढून पाहिलं, आणि जागेवर येऊन बसले. बायकोने आरसा आपल्या उंचीला वळवून घेतला होता. त्यात आता मिस्त्रींना मुलं दिसत नव्हती, म्हणून ते मान वळवून मागे बघत राहिले.

चढ आला. मुलांनी सवयीने हात वर केले. एक टाळी वाजली असावी. मग हात तसेच राहिले, एकमेकांकडे बघितलं गेलं, आणि हळूहळू बारा जोड्या हात मांड्यांवर उतरले. मिस्त्रींनी ते बघितलं. इंजिन चांगलं बसलं होतं.

पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलली. मिस्त्रींनी तिचा चेहरा पाहिला. अंदाज आला होता, उत्तरही ओठांवर होतं. ते त्यांनी गिळलं आणि बायकोकडे वळले.

"काय म्हणाली गं ती?"