एकेचाळीस फूट दहा इंच

क्रांतीनं ओला अंगठा गाऊनला पुसला आणि फोनमधला आकड्यांचा रकाना पुन्हा वर सरकवला. रेंज सकाळी सातलाच गेली होती. पण बीएस्सीच्या वर्षी घेतलेलं हे गणिताचं सॉफ्टवेअर रेंजबिंज मागत नव्हतं. आकडे भरले की मुकाट्यानं रेघ काढायचं. रेंज जाईपर्यंत पंचगंगेच्या पातळीचे मेसेज तासातासाला आले होते. ते तिनं भरले, तशी रेघ खाली वळली. पूर ओसरतोय.

आता बारा वाजले, तरी तिचा पाय घरात ठरत नव्हता. उंबऱ्यापर्यंत जायची, परत यायची.

"आगं बस की जरा. किती येरझाऱ्या घालशील?" सासू बनाबाई म्हणाल्या.

बनाबाई एरवी त्या फोनला डबडं म्हणायच्या. आज मात्र पदर खोचून अख्खी गल्ली फिरून आल्या होत्या.

"समद्यांस्नी सांगून आलो. म्हटलं, आमच्या क्रांतीनं गणित घातलंय, पाणी उतरतंय. झुंबरबाईनं म्हशी ट्रॉलीत चढवल्या हुत्या, खाली घेतल्या की."

क्रांतीनं पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. रकान्यात ४१.९०००. त्याखाली ४१.१०००.

तिनं मेसेज उघडला. ४१.१०. एकेचाळीस फूट दहा इंच. अख्खं कोल्हापूर असंच लिहितं आणि असंच वाचतं. फोनला ते कोण सांगणार? त्यानं टिंबाला दशांश धरलं आणि चढलेलं पाणी उतरवून टाकलं.

तिनं इंचांना बारानं भागलं. रेघ सरळ वर गेली, तासाला एक इंच. गावाबाहेर पडायचा रस्ता साडेबेचाळीस फुटांना बुडतो. म्हणजे तीन वाजता.

"आत्या, चुकलं माझं. पाणी चढतंय."

बनाबाईंनी सुटलेला पदर पुन्हा खोचला.

"किती येळ हाय?"

"तीन तास. मी जातो सांगायला. सगळ्यांसमोर सांगतो, माझीच चूक हाय."

"तू आपल्या म्हशी सोड आदी," म्हणत बनाबाई अनवाणीच बाहेर पडल्या.

क्रांती गोठ्यात वाकली. दाव्याची गाठ सुटता सुटेना. गल्लीतून सासूचा आवाज आला, नेहमीसारखाच खडा.

"झुंबरे, चढव म्हशी परत. पोरगी सकाळपास्नं चढतंय म्हणत हुती. मीच उलटं ऐकलं."