सुपाच्या ठेक्यावर इंग्रजी

मी सूप बोलतंय. हसू नका. इंग्रजीच्या वर्गात फळ्याने बोलावं, फार तर छडीने बोलावं, सुपाचं तिथं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं.

ग्यानोबा बुरुडाने बांबूच्या कांबी तासून मला विणलं. पुसेगावच्या बाजारात पंचफुलाबाईने मला उलटंपालटं करून पाहिलं, टिचकी मारली, घरी नेऊन शेणाने सारवलं आणि उन्हात वाळवलं. तेव्हापासून त्या घरची तूर, हरभरा, ज्वारी माझ्याच अंगावरून गेली. लेक राधिका जन्मली तेव्हा पाचवीला तिलाही माझ्यातच निजवलं. पुढे धान्य यंत्रातून साफ होऊन यायला लागलं आणि मी खुंटीवर गेलं. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

राधिका नववीत गेली. मागच्या वर्षी तालुक्याला इंग्रजी गोष्ट सांगायच्या स्पर्धेत ती उभी राहिली आणि अख्खी गोष्ट पाढ्यांच्या चालीत म्हणाली, बे एके बे, बे दुणे चार. तिचं काय चुकलं? पहिलीपासून जे पाठ केलं ते सगळं त्याच चालीत. सभागृह खो-खो हसलं. त्या दिवसापासून पोरगी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडेना.

यंदा इंग्रजी शिकवणाऱ्या अफसाना मॅडमनी स्पर्धेसाठी पुन्हा तिचंच नाव दिलं. सगळे शब्द सारखे जड नसतात, जड शब्दावर जोर द्यायचा आणि हलका पटकन सोडायचा, असं मॅडम शिकवायच्या. राधिका घरी टाळ्या वाजवून सराव करायची, पण टाळी प्रत्येक शब्दावर पडायची. शेवटी तिने आईला सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत न्हाई जमलं तर मी नाव काढून घेते."

शुक्रवारी पंचफुलाबाई मला खुंटीवरून काढून अंगणात यंत्रातून राहिलेला थोडा हरभरा पाखडत होती. शेजारी राधिकाचं रडगाणं चालू होतं, "द गोट्स आर कमिंग होम." आता पाखडण्याची एक रीत असते. थप्पकन दाणा खाली बसतो आणि मधल्या मध्ये फोलपट उडून जातं. म्हणता म्हणता पोरीचे शब्द माझ्या ठेक्यात यायला लागले. एका थप्पला गोट्स, दुसऱ्याला कमिंग, तिसऱ्याला होम. द आणि आर कुठे उडाले, मलाही कळलं नाही.

"माय, हात थांबवू नको," राधिका म्हणाली आणि पुढचं वाक्य घेतलं, "आर दे ऑल हिअर."

पंचफुलाबाईने मान वर केली. "हे पुसून राहिली का सांगून राहिली?"

"पुसून."

"मंग पुसल्यावानी पूस ना. आवाज खाली काहून टाकून राहिली?"

"तुला इंग्रजी कुठं येतं?"

"इंग्रजी न्हाई येत. पुसणं येतं."

राधिकाने नाव काढलं नाही. तिने शाळेत सुपाचा ठेका सांगितला, तशा सोमवारी अफसाना मॅडम स्वतः मला वर्गात न्यायला घरी आल्या. "रिकामं सूप घराबाहेर देत न्हाईत, मॅडम," असं म्हणून पंचफुलाबाईने माझ्यात पसाभर ज्वारी घातली. वर्गात बजरंग नावाच्या पोराने पहिल्याच झटक्यात ती सगळी शेजारच्या कामरानच्या डोक्यावर पाडली. पण आठवडाभरात निम्म्या वर्गाला कळलं की जोर कुठे द्यायचा. उरलेला निम्मा वर्ग अजून पाढेच म्हणतो. लागेल वेळ.

स्पर्धेला सोबत काही न्यायची परवानगी नव्हती. मला आदल्या दिवशी घरी आणून सोडलं होतं. तो दिवस जाता जाईना. दिवेलागणीला राधिका आली. तिसरा नंबर आला होता, आणि मॅडमनी गोष्ट फोनमध्ये भरून दिली होती. पुरी गोष्ट घरी कुणीच ऐकली नव्हती, आमचा सराव पहिल्या चार वाक्यांवरच चालायचा. ती अर्थ सांगायला लागली तशी पंचफुलाबाई म्हणाली, "थांब. आधी ऐकू दे."

फोनला कान लावून ती बसली. राधिकाचा आवाज चढला, उतरला, एका ठिकाणी अगदी बारीक झाला. मधे सभागृह हसलं आणि पंचफुलाबाई दचकली. पण या वेळी पोरगी थांबली नव्हती. लोक हसायच्या जागीच हसले होते.

गोष्ट संपली. पंचफुलाबाईने फोन कानापासून काढला. मग म्हणाली, "काहीतरी हरवलं होतं. आन् शेवटी घावलं. व्हय ना?"

"व्हय माय. शेळीचं पिल्लू," राधिका म्हणाली आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून रडली. मला डोळे नाहीत म्हणून बरं.

आता माझी एक कड उसवलीय. आठवड्यातले दोन दिवस माझा मुक्काम शाळेत असतो, आणि पंचफुलाबाईलाही मॅडम बोलावून घेतात. तुमच्या गावात एखादं लेकरू पाढ्याच्या चालीत इंग्रजी बोललं तर एवढं करा. त्याला हसू नका. त्याच्या आईला शेजारी बसवा. तिला इंग्रजी येत नसलं तरी चालेल.