मल्हारीची तीन पत्रं

माझ्या नातीचं, पायलचं, लग्न झालं ते वर्ष २०१९. त्याच उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ मल्हारी आजारी पडला, आणि नाशिकरोडच्या आमच्या घरात इंटरनेटची कंपनी बदलली.

मल्हारीने एकतीस वर्षं सरकारी कचेरीत जावक टेबलावर काढली. बाहेर जाणाऱ्या पत्राला नंबर द्यायचा, वहीत नोंद करायची. नोंद झाली की पत्र गेलं. घरी कॉम्प्युटरवरही त्याचं तेच. पन्नाशीनंतर मला अक्षरं शिकवली तीही त्यानेच.

त्याचा मुलगा अश्विन सहा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. सून परजातीची म्हणून मल्हारी लग्नाला गेला नव्हता. अश्विनचा फोन नंबर बदललेला. पायलने कुठूनसा त्याचा ईमेलचा पत्ता मिळवला. मल्हारीने लिहिलं, चूक माझी होती, एकदा भेटून जा. महिन्याने दुसरं पत्र लिहिलं, मग तिसरं. तिन्ही वहीत नोंदली. उत्तर नाही. जाहिरातींचे मेल रोज येत, म्हणून कुणाला शंका आली नाही.

"आक्का, पोरगं माझ्यावरच गेलंय," तो म्हणाला.

तो दवाखान्यात असताना मी कॉम्प्युटर उघडला. मी अक्षर अक्षर लावून वाचते. एका कोपऱ्यात होतं, 'आउटबॉक्स ३'. पायलला फोन केला. ती म्हणाली, आजी, न गेलेले मेल तिथं पडून राहतात.

कंपनीतली मुलगी फोनवर एकच विचारत राहिली, नेट चालू आहे ना, मग तक्रार कसली? चौथ्या फोननंतर त्यांचा माणूस आला, राकेश. तो म्हणाला, फालतू मेल फार सुटतात म्हणून कंपनीने मेल बाहेर जायचा पंचवीस नंबरचा रस्ता बंद केलाय. येणाऱ्या मेलचा रस्ता वेगळा, तो चालू. त्याने कॉम्प्युटरमध्ये पंचवीसच्या जागी पाचशे सत्त्याऐंशी टाकलं, तो दुसरा, चालू रस्ता. दोन मिनिटांत तिन्ही पत्रं गेली.

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"वेबसाइटवर सूचना आहे, आजी."

"पत्र आमच्या घरचं अडवता, अन् पाटी तुमच्या घरात लावता?"

तो खाली बघत वायर गुंडाळू लागला. तो नोकर माणूस, त्याच्यावर राग नाही. पण ज्यांनी हे ठरवलं, त्यांना मी माफ केलेलं नाही. फालतू मेल अडवायचे तर खुशाल अडवा. ज्याच्या दाराला कुलूप लावता, त्याला एक ओळ लिहायला काय जड गेलं होतं?

तासाभरात अश्विनचं उत्तर आलं, "दादा, निघालोय." मी ते कागदावर उतरवून दवाखान्यात नेलं आणि मल्हारीच्या कानाशी वाचलं. तो शुद्धीत नव्हता.

अश्विन दुसऱ्या दिवशी दुपारी बंगळूरहून पोचला. मल्हारी भिकाजी गांगुर्डे त्याच दिवशी, गुरुवार, १० ऑक्टोबर २०१९ रोजी, सकाळी सव्वासात वाजता वारला होता.