नवसाचे पोहे

"आजी, नारळ आणखी आणू का? पोरं म्हणतायत, आज गल्लीच काय, अर्धं पेण येईल."

ऋत्विकने नारळांची गोणी उंबऱ्याच्या आत टेकवली. समोरच्या गणपतीच्या कारखान्यातून तो तसाच उठून आला होता. कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर वाळलेलं. सिपोराबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून परातीत पोहे धूत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पुरे एवढे. आणि दारात फटाके लावू नका रे. काल लावलेत तेवढे बस झाले."

"काल राहवलंच नाही कुणाला. फाशी म्हटल्यावर..."

"कळलं. जा आता, हात धू आणि सतरंज्या घाल."

पोरगा मनाने चांगला होता, पण उत्साह असा की बघणाऱ्याला वाटावं याच्या घरी लग्न आहे. सिपोराबाईंनी पोहे निथळत ठेवले आणि खोबरं किसायला घेतलं. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. नवसाचा मलिदा होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, ही त्यांच्या आईपासूनची रीत होती.

काल अलिबागच्या कोर्टाने निलेशला फाशी सांगितली होती. हा निलेश खाडीकाठच्या गावातला, मिठागरावर राबणाऱ्या हौसाचा एकुलता एक मुलगा. डोलवीला एका ठेकेदाराकडे कामाला होता, मग ते सोडलं, मग मोबाइलवर पत्त्यांचा जुगार लागला, मग दारू. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी तो याच घरात आला. सिपोराबाईंचा मुलगा नथानियल आणि सून तामार यांना त्याने कोयत्याने मारलं आणि तामारचे दागिने घेऊन गेला. तामारला पाचवा महिना होता. सिपोराबाई त्या दिवशी रोह्याला भावाकडे गेल्या होत्या. दाराची कडी कुणी तोडली नव्हती. तामारनेच दार उघडलं, कारण आलेला माणूस ओळखीचा होता. सिपोराबाईंना रात्रंदिवस खायचं ते हेच. कुणी अनोळखी असता तर पोरीने दार उघडलं नसतं.

सगळं पेण तेव्हा रस्त्यावर उतरलं होतं. दुकानं बंद, मेणबत्त्या, 'फाशीच हवी' म्हणून बॅनर. ज्या बेने इस्रायल ज्यूंची गावात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली होती, त्यांच्यासाठी सगळं गाव उभं राहिलं, हे सिपोराबाई कधी विसरल्या नाहीत. मोर्चात कुणीतरी त्यांच्या तोंडापुढे माइक धरला आणि त्या बोलून गेल्या, "त्याला फाशी झाली तर मी एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन. सगळ्या गावाला वाटीन." टाळ्या पडल्या. कुणी ते मोबाइलवर घेतलं, आणि काल निकाल लागल्यापासून तीच चित्रफीत पुन्हा घरोघर फिरत होती. नवस सिपोराबाईंचा, पण लक्षात गावाच्या जास्त होता.

मलिदा म्हणजे गोड पोहे. खोबरं, साखर, वेलची घालून कालवायचे, भोवती फळं मांडायची, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना म्हणायची आणि आल्यागेल्याला वाटायचं. मूल झालं, लग्न ठरलं, कुणी परदेशी निघालं, कुणी दुखण्यातून उठलं की मलिदा व्हायचा. कुणाच्या मरणासाठी मलिदा केलेला सिपोराबाईंनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. पण बोललेला नवस फेडायलाच हवा. त्या खोबरं किसत राहिल्या.

अकराच्या सुमारास रोह्याच्या गाडीने निसीमदादा आला. सिपोराबाईंचा थोरला भाऊ. प्रार्थना म्हणणारं आता या भागात त्याच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. काठी कोपऱ्यात ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर टेकला.

"सिपोरा, फाशी झालेली नाय अजून. फाशी सांगितलीय," तो म्हणाला. "हायकोर्ट हाय, त्याच्यावर दिल्ली हाय. वर्षं जातील. तू थांब म्हणालीस तर मी समोर सांगतो लोकांना, नवस अजून फळला नाय म्हणून."

"पळवाट शोधू नको, दादा. माझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे."

"बरं. मग कारण कोण सांगणार? मी प्रार्थनेच्या आधी विचारणार, मलिदा कशासाठी. घरच्याने मोठ्याने सांगायचं. आपल्या बापाने घालून दिलेली रीत हाय. मी ती चुकवत नाय."

"सांगीन मी."

"ह्याच्या आधी एकदा ह्याच पोराचं नाव घेऊन..."

"दादा, गप्प बस." खोबऱ्याबरोबर बोट खसकन विळीवर गेलं. त्यांनी ते तोंडात धरलं आणि मग नळाखाली धुतलं. निसीमदादा उठून बाहेर गेला.

बाहेरच्या खोलीत माणसं जमू लागली होती, आणि माणसं जमली म्हणजे विषय एकच. स्वयंपाकघरात शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"फाशीला काय अर्थ आहे?" शेजारच्या काशीबाई म्हणत होत्या. "एकदा लटकला की सुटला तो. जन्मभर आत बसवा आणि आठवू दे केलेलं."

"बसतो कुठे, काकी? पॅरोलवर येतो आणि गावात मिरवतो," ऋत्विकचा आवाज. "आपण पोसायचं आणि त्याने आत बसून टीव्ही बघायचा?"

"फाशीने खून थांबले असते तर एव्हाना थांबले नसते का?" हे गल्लीतले निवृत्त मास्तर.

"मास्तर, तुमच्या घरात झालं असतं तर बोलला असतात का असं?"

या वाक्यापुढे सगळेच गप्प होतात, हे सिपोराबाईंनी दोन वर्षं पाहिलं होतं. मुंबईहून एक बाई आल्या होत्या मागे, फाशीच्या विरोधात सही मागायला. चांगल्या होत्या बिचाऱ्या, खालच्या आवाजात बोलणाऱ्या. सिपोराबाईंनी त्यांना पाणीही न विचारता दारातूनच परत पाठवलं होतं. त्या दिवशी तामारचा कपाटातला नवा झगा त्यांनी काढून पाहिला होता, बाळंतपणासाठी शिवलेला.

मागच्या दाराची कडी कुणीतरी हळूच वाजवली.

दारात हौसा उभी होती. निलेशची आई. काळी पडलेली, वाळलेली, पदर कमरेला खोचलेला. खटल्यात दोघी अलिबागला कितीदा समोरासमोर आल्या असतील, पण एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. हौसाच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

सिपोराबाईंना संताप आला तो असा, की विळी हातात असती तर काय झालं असतं कोण जाणे. "इथे कशाला आलीस गो?" त्या म्हणाल्या. "काय मागायचं असेल तर कोर्टात जा. माझ्याकडे काय नाय."

"मागाया नाय आली, बाय." हौसाने फडकं सोडलं. आत एक पितळी ताट होतं, घासूनपुसून लख्ख केलेलं, आणि त्यात मूठभर जाडं मीठ. "तुमचं ताट हाय. मलिदा हाय आज, ऐकलं. ताटं कमी पडतील म्हनून आनलं. रिकामं कसं देऊ? घरात मीठच व्हतं."

सिपोराबाईंनी ताट ओळखलं. काठावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं होतं.

निलेश लहान होता तेव्हा त्या खाडीपट्ट्यात सरकारी नर्स होत्या. हौसाचा पोरगा, चार वर्षांचा, मिठागराच्या बांधावर साप चावून निळा पडला होता. सिपोराबाईंनी त्याला मांडीवर घेऊन टेंपोतून अलिबाग गाठलं होतं आणि वाटेत वडखळच्या नाक्यावर गाड्या अडकून पडल्या, तेव्हा मोठ्याने नवस बोलल्या होत्या. पोरगं वाचलं. मलिदा झाला, याच घरात. निसीमदादाने प्रार्थना म्हटली आणि पोराला ताटात पोहे दिले. एवढंसं पोर, दोन्ही हातांनी खात होतं. नथानियल त्याच्या शेजारीच बसला होता. जाताना सिपोराबाईंनी ताट हौसाला देऊन टाकलं होतं.

यातलं काही त्या विसरल्या नव्हत्या. फक्त दोन वर्षं त्यांनी त्या बाजूला बघितलं नव्हतं.

"बरा झाल्यावर पयला घास ह्याच्यातच खाल्ला त्यानं," हौसा म्हणाली. "आता नको वाटतं घरात." ती वळली आणि पुन्हा थांबली. "एक विचारू का, नर्सबाय? तवा तुमी ज्या देवाला सांगितलं व्हतं, त्यो ह्योच का? आज ज्याचं हाय त्यो?"

"व्हय," सिपोराबाई म्हणाल्या. "हाच."

हौसाने मान हलवली. रडली नाही, पाया पडली नाही. परसातून गटाराच्या कडेकडेने ती निघून गेली.

बाहेरून ऋत्विकने हाक मारली, "आजी, चला, माणसं खोळंबलीत." कुणीतरी मोबाइल उभा करून धरला होता. निसीमदादा डोक्यावर टोपी घालून, मेणबत्ती पेटवून बसला होता. समोर सफरचंदं, केळी, खजूर मांडलेले. सिपोराबाई परात आतच ठेवून, पदराला हात पुसत आल्या आणि त्याच्यासमोर बसल्या.

"कशासाठी मलिदा?" निसीमदादाने विचारलं.

सिपोराबाईंनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. दोन वर्षं तयार होतं.

"मलिदा होणार नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" ऋत्विक पुढे झाला. "आजी, बरं वाटत नाही का?"

"बरी आहे मी. ह्याच पोराचा जीव मी एकदा ह्याच नबीकडे मागून घेतला होता. ह्याच खोलीत आभार मानले होते. आज त्याच तोंडाने, आता त्याला मारतायत म्हणून आभार मानू? मला नाही जमत."

"म्हणजे माफ केलंत त्याला?" त्याचा चेहरा पडला होता. "आम्ही दोन वर्षं रस्त्यावर उतरलो, लाठ्या खाल्ल्या, ते काय उगाच?"

"माफ? मी मेले तरी त्याला माफ करणार नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुमचे उपकार मी फेडू शकत नाही, बाळा. सरकारला फाशी द्यायचीय तर देऊ दे, जन्मभर कोंडायचंय तर कोंडू दे. मी कुणाकडे रदबदली करणार नाही. पण कुणाचा पोरगा मरणार म्हणून ह्या घरात गोड होणार नाही."

"आणि नवस?" काशीबाईंनी विचारलं.

"मोडला. बोलले मी, मोडलाही मीच. जे काय व्हायचं ते माझ्या डोक्यावर."

कुणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलंय. कुणी म्हणालं, धसका घेतलाय हो. मोबाइलवाला अजून चित्रण करतच होता, त्याला मास्तरांनी दंडाला धरून बाहेर काढलं. माणसं चपला शोधत, पुटपुटत उठली. काशीबाईंनी आपण आणलेला नारळ गोणीतून ओळखून काढला आणि परत नेला. ऋत्विक सगळ्यांत शेवटी गेला. सतरंज्या त्याने नीट घडी करून कोपऱ्यात ठेवल्या, पण जातो म्हणून सांगितलं नाही. रोज सांगायचा.

निसीमदादाने मेणबत्ती विझवली आणि टोपी घडी करून खिशात ठेवली.

"रागावलास?" सिपोराबाईंनी विचारलं.

"भूक लागलीय," तो म्हणाला. "सकाळपासून तू नाय खाल्लंस, म्हणून मीही नाय खाल्लं."

त्या आत गेल्या. पोहे निथळून मऊ झाले होते, त्यावर खोबरं पडलं होतं. साखरेचा डबा हाताशीच होता. त्यांनी तो झाकण लावून फळीवर ठेवला. मग हौसाचं ताट ओढून त्यातलं मीठ चिमटीत घेतलं, पोह्यांवर टाकलं आणि कालवलं. कापलेल्या बोटाला ते झोंबलं, पण हात थांबला नाही.

दोघं भावंडं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवली. मीठ जरा जास्तच पडलं होतं.