देवापुढचं पाणी

"पाणी कुणाला नुसतं देऊ नये गं, वर तुळशीचं पान ठेवावं. मग ते पाणी राहत नाही, तीर्थ होतं."

सासूबाईंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण त्यांचं हे सांगणं वेणूबाईंच्या हातात इतकं मुरलं होतं की मनाला विचारावंच लागत नसे. पोस्टमन असो की गॅसवाला, दारात आलेल्याच्या फुलपात्रात पान तरंगायचंच.

हडपसरच्या उतारावर त्यांची वस्ती. वरच्या अंगाला वेणूबाईंची आळी, अगदी खाली ओढ्यालगत दीक्षाची. ओढ्यापलीकडे धातूंना मुलामा देणारा प्लेटिंगचा कारखाना, आणि त्याच्यामागे नव्या काचेच्या इमारती. त्यातल्याच एकीत दीक्षा रात्रभर अमेरिकेतल्या लोकांचे फोन घ्यायची. प्रत्येक आळीची बोअर वेगळी होती. खालच्या बोअरला पिवळं पाणी येऊ लागलं, लेकरांच्या अंगावर चट्टे उठले, आणि तेवढ्यात कारखान्याने आणखी एका शेडची परवानगी मागितली. सुनावणी लागली. "पिवळं दिसतंय तो तुमच्या जुन्या पाइपांचा गंज," असं कारखान्याचा माणूस सांगत फिरला.

म्हणून दीक्षाने पाणी तपासून घ्यायचं ठरवलं. सकाळी कामावरून आल्या आल्या तिने खालच्या बोअरची बाटली भरली आणि वेणूबाईंकडे दिली.

"काकू, लॅबचा माणूस येईल, तेवढी त्याच्या हातात द्या. तुम्ही पूजेला घरीच असता. मी जरा पडते."

वेणूबाईंनी दिली. झाकण उघडून, आत पान सोडून.

लॅबने नमुना बाद केला. दुसऱ्याचा निकाल येईपर्यंत सुनावणी उरकली असती, शेड उभी राहिली असती.

"छान झालं, काकू," दीक्षा म्हणाली. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "आता कारखानावाले म्हणतील, बघा, आमच्या पाण्यात तुळस उगवते."

वेणूबाईंना त्या दिवशी घास गेला नाही. देवासमोर बसून राहिल्या. समोर पंचपात्रात पाणी होतं, रोजच्यासारखं. ते बघता बघता त्या उठल्या, पदर खोचला आणि घरोघर निघाल्या. आवाज मुळातच हळू, लोकांना चौकटीतून वाकून ऐकावं लागे.

"सुनावणीला येताना देवापुढचं पाणी घेऊन या. काचेच्या पेल्यात. आणि आपापल्या आळीबरोबर या."

सगळ्यात खाली दीक्षाची वहिनी चंपा तान्ह्याला कडेवर घेऊन उभी होती. "आमच्यात देव नाही, काकू. आम्ही बुद्धांपुढे फुलं ठेवतो."

"फुलं ज्या पाण्यात ठेवतेस, तेच आण. नुसतं पाणी. त्यात काही नको."

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. बायका आल्या, वरची आळी आधी, मग तिच्या खालची, मग आणखी खालची. सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांसमोरच्या लांब बाकावर पेले मांडत गेल्या. जागा सापडेल तसा प्रत्येकीने आपला पेला शेजारणीच्या पेल्याला लावून ठेवला. शेवटी चंपाने ठेवला आणि ती बाजूला झाली.

खिडकीतून ऊन थेट बाकावर आलं होतं.

पहिले पेले नितळ. पुढे कुठे सुरुवात झाली ते कळत नव्हतं, पण लिंबाच्या सालीसारखी एक छटा उतरली होती. पुढे ती गवती चहासारखी, त्यापुढे हळदीच्या हातासारखी, आणि चंपाचा पेला तर पिवळाजर्द. रंग पायरी पायरीने ओढ्याकडे उतरत गेला होता. प्रत्येकीने जन्मभर आपापल्या घरचं पाणी पाहिलं होतं. सगळ्यांचं मिळून असं कुणीच पाहिलं नव्हतं. गाभाऱ्याचा पडदा सरकतो तेव्हा जुळतात तसे वेणूबाईंचे हात आपोआप जुळले.

साहेब खुर्चीतून उठले. बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, आणि पुन्हा परत आले.

"गंज सगळ्या पाइपांना चढला असेल ना?" त्यांनी कारखान्याच्या माणसाला विचारलं. "मग तो ओढ्याकडे उतरताना वाढत कसा गेला?"

साहेबांनी समोरची फाइल मिटली.

"शेडची परवानगी थांबवतो. सगळ्या बोअरचे नमुने माझ्यासमोर घेतले जातील."

लोक एकमेकांकडे बघू लागले, हसावं की नाही ते कुणाला कळेना. चंपा मात्र जागची हलली नाही.

"आणि तोवर लेकराला काय पाजू, साहेब?"

टँकरसाठी वर लिहावं लागेल, असं काहीसं साहेब पुटपुटले.

"आमच्या बोअरचं पाणी सकाळी तुझ्या दारात येईल," वेणूबाई म्हणाल्या. "मी आणीन."

"अहो काकू, भरली कळशी घेऊन उतरायचं आणि परत चढायचं," दीक्षा म्हणाली. "गुडघे काय म्हणतील?"

"त्यांना कोण विचारतंय?"

दुसऱ्या दिवशी वेणूबाईंनी नेहमीसारखी अंघोळ केली. देव पारोसेच होते, निरांजन लागायचं होतं. देव्हाऱ्यासमोर क्षणभर थांबून त्यांनी नमस्कार केला. "आलेच," एवढंच म्हणाल्या. मग बोअरवर जाऊन कळशी भरली, काठापर्यंत, कमरेवर नीट बसवली, आणि ओढ्याच्या दिशेने उतार उतरू लागल्या.