उखर्डूचा कापूस

जीवराम नानांचा हात लागल्याशिवाय प्रकाशचंद शेठच्या सरकी काढायच्या जिनात कापसाची गाडी रिकामी होत नसे. धुळ्याच्या बाजारात तीस वर्षं हाच रिवाज चालत आला होता. नाना गाडीत कोपरापर्यंत हात खुपसत, तळाचा मूठभर कापूस उपसून उजेडात धरत आणि एखादाच शब्द बोलत. त्या शब्दावर शेठही बोलत नसत.

साठी उलटली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. नानांनी ते कुणाला कळू दिलं नाही. धाग्याची लांबी बोटांना कळत होती, माणसं आवाजावरून ओळखता येत होती. तीन-चार हंगाम त्यांनी असे निभावून नेले. शेवटी जिनाच्या पायरीवर ठेच लागून पडले, तेव्हा बायको बेबाबाईनं हाताला धरून त्यांना दवाखान्यात नेलं.

माघात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठ दिवस उताणं झोपवलं होतं. डावा मोतीबिंदू अजून कच्चा होता, तो पुढच्या हिवाळ्यात काढायचा ठरला. चैत्रात चष्मा मिळाला. उजवी काच बोटभर जाड, आणि डाव्या काचेवर डॉक्टरांनी काळा कागद चिकटवला होता.

"नाना, या काचेतून सगळं मोठं आणि जवळ दिसेल," डॉक्टर म्हणाले. "डावा डोळाही उघडा ठेवलात तर एका माणसाची दोन दिसतील, एक मोठा, एक लहान. म्हणून हा कागद. आणि बाजूला बघायचं तर डोळा फिरवू नका, मान फिरवा. काचेच्या मधोमधच बघायचं. कडेला काही दिसणार नाही."

"किती दिवस?"

"सवय होईपर्यंत. उन्हात फार हिंडू नका. हिंडलात तर सगळं लालसर दिसेल. घाबरायचं नाही, सावलीत बसलं की जातं."

नाना घरी आले आणि पहिल्याच दिवशी रडकुंडीला आले. चहाची बशी घ्यायला हात पुढे केला तर तो वीतभर अलीकडेच मिटला. चौकट धनुष्यासारखी वाकलेली दिसे. बेबाबाई बाजूनं आली की नसलेली बाई एकदम पुढ्यात उभी राहिल्यासारखी वाटे आणि नाना दचकत.

"मी काय भूत आहे का?" ती म्हणाली. पण तेव्हापासून येताना बांगड्या वाजवत येऊ लागली.

तिनंच त्यांच्याकडून सवय करून घेतली. रोज सकाळी ओट्यावर लोटा आणि पेला ठेवायची आणि पाणी ओतायला लावायची. पहिले काही दिवस पाणी ओट्यावरच सांडलं. मग नाना आधी बोटानं पेल्याचा काठ चाचपू लागले आणि मग ओतू लागले. पायरी उतरताना आधी पायानं कड शोधायची, मग भार टाकायचा. महिन्याभरात ते एकटे जिनापर्यंत जाऊ लागले.

एका गोष्टीचा मात्र उलगडा होईना. धोतर, भिंत, दूध, सगळं निळसर पांढरं दिसे, नीळ घातल्यासारखं. एकदा नानांनी चष्मा काढला आणि उजवा डोळा झाकून डाव्यानं धोतराकडे पाहिलं. तेच धोतर हळदीच्या हातानं पिळल्यासारखं दिसलं.

ते डॉक्टरांकडे गेले. "यातला खरा डोळा कोणता?"

डॉक्टर हसले. "उजवा. निळसरपणा हळूहळू कमी होईल. डाव्यात अजून मोतीबिंदू आहे ना, तो पिवळ्या काचेसारखा आड येतो. वर्षानुवर्षं हळूहळू पिवळा होत जातो, म्हणून माणसाला कळत नाही."

नाना घरी गेले नाहीत, सरळ जिनात गेले. मागच्या खोलीत दर हंगामाचे नमुने, परत गेलेल्या गाड्यांचेही, निळ्या कागदात बांधून ठेवलेले असत, वर शेतकऱ्याचं नाव. त्यांनी दोन वर्षांपूर्वीचा गठ्ठा सोडला आणि उखर्डूची पुडी शोधली.

हा उखर्डू साक्रीकडचा कोरडवाहू शेतकरी. दोन हंगामांपूर्वी तो गाडी घेऊन आला होता. नानांनी कापूस उजेडात धरला आणि भर बाजारात म्हणाले होते, "पिवळा आहे. गेल्या सालची कवडी मिसळून आणलीस." डागाळलेला, टाकाऊ कापूस म्हणजे कवडी. उखर्डू शपथा घेत राहिला. लोक हसले. तो भरली गाडी घेऊन परत गेला आणि पुन्हा धुळ्याला आला नाही.

नानांनी पुडी उघडली. कापूस ठेवून ठेवून पिवळा पडतो, पांढरा होत नाही, हे त्यांना सांगायला कुणी नको होतं. दोन वर्षांनंतरही तो कापूस बगळ्याच्या पंखासारखा होता. त्यांनी डाव्या डोळ्यानं पाहिला. पिवळा. उजव्यानं पाहिला. पांढरा. बराच वेळ ते तसेच, एकदा हा डोळा झाकत, एकदा तो झाकत, बसून राहिले.

वैशाखात ते साक्रीच्या मोटारीत बसले. मोटारीतून उतरून दीड कोस चालायचं होतं. उखर्डूच्या गावाशी पोचेपर्यंत रस्ता, बाभळी, अंगावरचा सदरा, सगळं कुंकवाच्या पाण्यातून बघितल्यासारखं झालं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं तरी नानांनी चष्मा पुसून पाहिला. ते उखर्डूच्या दारापुढच्या निंबाच्या सावलीत बसले. उखर्डू समोर येऊन उभा राहिला तेव्हा तोही लालच दिसत होता.

"उखर्डू, मी जीवराम. जिनातला."

"वयखं मी." ओळखलं, एवढंच तो बोलला. पाणी मात्र आणून दिलं.

नानांनी पुडी त्याच्या हातात ठेवली. "तुन्हा कापूस पांढरा व्हता. मन्हा डोया पिवया व्हता." मग थांबून, ज्यासाठी एवढं अंतर आले होते ते बोलले. "पण डोळ्याचा दोष अर्धाच. मला दिसत नाही हे मला ठाऊक होतं. ते मी लपवलं, आणि खोटा तुला ठरवलं."

उखर्डू पुडीकडे बघत राहिला. त्याची बायको दारात येऊन उभी होती. तो म्हणाला, "आठे सांगीसन काय फायदा? जठे बोलनात, तठेच सांगा. बठ्ठा लोकेस्नी आयकं व्हतं." इथं सांगून उपयोग नव्हता, जिथं सगळ्यांनी ऐकलं होतं तिथंच सांगायला हवं होतं.

दिवाळीनंतर बाजार सुरू झाला. त्या आधीच नानांनी शेठना सगळं सांगितलं होतं. प्रकाशचंद शेठनी कपाळाला हात लावला. "नाना, हे चार भिंतींत राहू द्या. जिनाचं नाव जाईल."

"माझं जाऊ द्या शेठ. जिनाची पारख उद्यापासून दुसऱ्याकडे द्या."

उखर्डूची गाडी दुसऱ्या आठवड्यात आली. नाना मान वळवून वळवून माणसं नीट पाहत तिच्याजवळ गेले, जूच्या बाजूला उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "दोन हंगामांपूर्वी मी या माणसाला इथं लबाड म्हटलं. त्याचा कापूस चोख होता. मला दिसत नव्हतं, तरी मी बोललो. लबाडी माझी होती."

मागून तोताराम नावाचा एक शेतकरी पुढे आला. "मग नाना, माझा? त्याच साली माझाही हलका धरला होता."

"तुझाही चांगला असेल."

"असेल म्हणजे?"

आणखी दोघं-तिघं जवळ आले. कडेनं एकेक चेहरा अचानक उगवत होता, मोठा, अगदी नाकासमोर, आणि प्रत्येकाला तेच विचारायचं होतं. नाना पाय न हलवता उभे राहिले. ज्यांचे नमुने मागच्या खोलीत होते त्यांचे त्यांनी पुढच्या चार दिवसांत काढून दाखवले. ज्यांचे नव्हते त्यांना हात जोडले. काही जण हात जोडलेले बघून निघून गेले, काहींनी शिव्या दिल्या.

उखर्डूनं त्या दिवशी कापूस शेठकडे घातला नाही, पलीकडच्या जिनात नेला. गाडी वळवताना त्यानं बैल थांबवले.

"नाना, दुसरा डोया कधय काढतस?"

"पौषात."

"काढी ल्या. लपाडू नका," तो म्हणाला आणि त्यानं बैल हाकले.